मागच्या सीटवरचा मिस्त्री

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मोतीराम परतवाड्याहून लेक दीक्षाला आणायला सेमाडोहला निघाला. गाडी जुनी, मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे गंजून पापुद्रे सुटलेले. पुंजाराम मिस्त्रीनं ते वेल्डिंग करून दिले होते.

"एकदम पक्कं काम हाये जी."

"मंग घाट चढेस्तोवर मागच्या सीटवर तूच बस," मोतीराम म्हणाला.

घाटात दर खड्ड्याला मागून कर्रकर्र आवाज यायचा आणि मोतीराम वेग कमी करायचा. तो आरशात पाहायचा. पुंजाराम डोळे मिटून मागे टेकलेला. ज्यानं काम केलं तोच असा निवांत झोपला, तर आपण काहून भ्यावं, असं मनाला बजावत तो पुढचं वळण घ्यायचा.

सेमाडोहला पोचल्यावर त्यानं हाक मारली, "उठ ना बे, आलं गाव."

"झोपलो कुठं होतो?" पुंजाराम घाम पुसत उतरला. "माह्यानं डोळेच उघडवले नाही."

तोवर दीक्षा जड पोट सावरत मागच्या सीटवर बसलीसुद्धा.

पुंजाराम खिडकीशी वाकला. "तुमी व्हा पुढं, मी यष्टीनं येतो जी."