लोण्याचा पहिला तुकडा

शाळेच्या जिममध्ये आज अमेरिका अडीचशे वर्षं मागे गेली होती. पाचवीची मुलं पांढऱ्या टोप्या घालून, कमरेला एप्रन बांधून त्या काळच्या पोरांची घरकामं करत होती. कुणी लोकर पिंजत होतं, कुणी मेणबत्त्या ओतत होतं, कुणी खांद्यावर आडवी काठी घेऊन दोन्हीकडच्या बादल्या सांभाळत होतं. फ्रिस्को शहरातल्या ह्या पोरांनी घरी कधी इकडची काडी तिकडे केली असेल तर शपथ! पण तेच काम शाळेनं दिलं की त्याचा प्रोजेक्ट होतो.

नीलांबरी ऑफिसची मीटिंग पुढे ढकलून आली होती. तिची इला लोण्याच्या टेबलापाशी होती. उंच लाकडी पिंपात साय ओतलेली होती आणि झाकणातून वर आलेला दांडा खालीवर करायचा होता. बाकीची मुलं जरा वेळानं हात चोळत बाजूला झाली. इला घुसळतच राहिली. मग एकदम थांबली आणि तिनं पिंपाला कान लावला.

"साउंड बदलला," ती शेजारच्या नेत्राला म्हणाली. "आता गार पाणी दे."

झाकण उघडलं तर खरंच लोणी आलं होतं. इलानं पाणी ओतलं आणि हाताच्या दोन फेऱ्यांत गोळा वर काढला. टीचर बघतच राहिल्या.

नीलांबरीसुद्धा. ह्या पोरीला तिनं कधी कपही विसळू दिला नव्हता. इलानं ओट्याजवळ यायचा अवकाश, की "राहू दे, सांडशील. तू जा, तुझा अभ्यास कर," हे ठरलेलं. नोकरी करून घरचं सगळं आपण उरकतो, लेकीच्या हाताला पाणी लागू देत नाही, ह्याचा तिला केवढा अभिमान होता.

"ही कुठे शिकली गं?" तिनं आश्लेषाला विचारलं. आश्लेषा म्हणजे नेत्राची आई. तीही टोपी घालून मदतीला आली होती आणि पावाचे तुकडे करत होती.

"आमच्याकडेच की! शनिवारी मी तुपासाठी लोणी काढते ना. नेत्रा पळून जाते, पण ही मागेच लागते. मावशी, मी करू? मावशी, मी करू?"

शनिवारी इला नेत्राकडे खेळायला जाते, एवढंच नीलांबरीला ठाऊक होतं. "हो का? छान," ती म्हणाली. पोटात दुखायला सुरुवात झाली होती.

तेवढ्यात टीचरनी टाळी वाजवून सांगितलं, की आता ज्यानं त्यानं लोणी लावलेला पावाचा पहिला तुकडा आपल्याला घरकाम शिकवणाऱ्या माणसाला नेऊन द्यायचा. पोरं आपापल्या आया शोधत पांगली. नीलांबरीनं फोन पर्समध्ये टाकला, हात मोकळे केले.

इला कागदी प्लेट धरून आली. आईकडे बघून गोड हसली आणि तिच्या शेजारून पुढे गेली.

"मावशी, धिस इज फॉर यू."

आश्लेषा ओशाळली. "अगं, आईला दे ना आधी."

"पण आईने तर मला काहीच नाही शिकवलं," इला म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. आज मंगळवार आहे, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

नीलांबरी हसली. तिनं टाळ्यासुद्धा वाजवल्या. आतून मात्र तिचा नुसता जळफळाट चालला होता. आश्लेषानं घास घेतला, ओठाला लागलेलं लोणी जिभेनं टिपलं. ती टोपी, तो तुकडा, तिचे ते सगळे शनिवार ह्या बाईकडून हिसकावून घ्यावेत, असं नीलांबरीला वाटलं. पोटची पोर आपली, आणि तिच्या हातचं लोणी खाणार ही!

परतताना तिनं गाडी दुकानाकडे वळवली आणि हेवी क्रीम घेतलं.

"ह्या शनिवारी नेत्राकडे नको जाऊस," ती गाडी चालवता चालवता म्हणाली. "लोणी आपण घरीच काढू. शनिवार कशाला, आजच काढू."

"यू नो हाऊ?" इलानं विचारलं.

"न यायला काय झालं?"

घरी आल्या आल्या तिनं काचेची बरणी घेतली, क्रीम काठोकाठ ओतलं, झाकण लावलं आणि दातओठ खाऊन बरणी हलवायला लागली. झाकण नीट बसलं नव्हतं. ओट्यावर, कुडत्यावर, फरशीवर क्रीमच क्रीम झालं. तरी ती थांबेना.

इलानं दप्तर खाली ठेवलं. जवळ येऊन आईच्या हातातून अलगद बरणी काढून घेतली.

"राहू दे, आई, सांडतंय," ती लाडानं म्हणाली. "तू जा, तुझी मीटिंग कर."