पायरीची कड

"ही चिकटपट्टी कोणी लावली?" सुनेचा आवाज चढला.

दिवाणखान्यात उतरायला एकच पायरी. तिच्या कडेला लालभडक पट्टी, तीही वाकडीतिकडी! भिंती सायीच्या रंगाच्या, पडदे, सोफा, फरशी, पायरी, सगळं त्याच रंगाचं. आणि मधेच हे. मासिकाचा फोटोग्राफर कॅमेरा लावत होता. दुसऱ्यांची घरं सजवणाऱ्या बाईचं स्वतःचं घर छापून येणार होतं. आज नाक कापलं गेलं की धंदाच बसायचा.

"मी लावली," सासूबाई खोलीच्या दारातून म्हणाल्या. "राहू दे की. तुझं काय खाते?"

"आई, मुद्दाम करता ना तुम्ही हे? परवा कप टेबलाच्या बाहेर ठेवलात. काल सोफ्याच्या हातावरच बसलात. माझं घर डोळ्यांत खुपतं, तर सरळ सांगा!"

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही!" सासूबाई फणकारल्या आणि दार लावून घेतलं.

डोळ्यांना काही झालंय, असं कोण म्हणालं होतं? पण रागात कुणाच्या लक्षात येतंय. सुनेने पट्टी टराटरा ओढली आणि केराच्या डब्यात कोंबली.

मग ती पायरीच्या खाली, भिंतीला टेकून उभी राहिली. अंगातला झगाही सायीच्याच रंगाचा, मुद्दाम शिवून घेतलेला; केसही त्याच कापडाच्या रुमालात बांधलेले. ओठ तेवढे लाल.

"वा, मॅडम! एवढाच एक ठसठशीत रंग. आता हलू नका," फोटोग्राफर म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं. सुनेने दात आवळले. आता काय नवीन?

सासूबाई पायरीपाशी आल्या. सून हाताच्या अंतरावर होती. त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं, मग नजर फिरवली आणि फोटोग्राफरच्या काळ्या शर्टाकडे बघत विचारलं, "काय हो, आमची सूनबाई कुठे गेली? मघाशी जरा तोडून बोलले मी. तेवढं सांगायचं होतं."

चेष्टा करतात की काय! सून तोंड उघडणार, तोच तिला सासूबाईंचा पाय दिसला. चप्पल कड चाचपत होती आणि कड सापडत नव्हती.

तिने झटकन हात पुढे केला.

"आई, थांबा! तिथेच थांबा!"

सासूबाई दचकल्या. "अगं बाई, तू इथेच होतीस?"

एका हाताने सुनेने त्यांचा हात घट्ट धरला आणि गुडघ्यांवर बसली. दुसऱ्या हाताने खिशातली लिपस्टिक काढली, दातांनी टोपण उघडलं आणि पायरीच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाड रेघ ओढली.

"मॅडम, अहो, फोटो!"

"टाका पाऊल, आई," ती म्हणाली.