इच्छांची वही

"लेखी असेल तर दाखवा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर मोठ्या दवाखान्यात न्यावंच लागेल."

खाटेवर भिकुबाई धापा टाकत होती. वृद्धाश्रमाच्या दारात गाडी उभी. बाकीची म्हातारी माणसं व्हरांड्यात गोळा होऊन नुसती बघत होती, पण मंजुळाबाई काय बघत बसणाऱ्यातली! "शे ना लिखेल!" असं ठसक्यात म्हणून ती तडक ऑफिसात घुसली आणि इच्छांची वही घेऊन आली.

गेल्या आखाजीच्या सणाला व्यवस्थापक तोतारामभाऊंनी एकेकाला समोर बसवून विचारलं होतं, शेवटी काय करायचं ते. भिकुबाई म्हणाली होती, "माले दवाखानामा लई जाऊ नका, नळ्या लावू नका. आठेच, आश्रममा मरू द्या. पानी मंजुळाबाईना हातनं द्या." भाऊंनी मान डोलावत लिहिलं, खाली अंगठा घेतला. मंजुळाबाई तेव्हा शेजारीच बसलेली.

"अक्का, द्या इकडे, मी बघतो," तोतारामभाऊ घाईघाईनं म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. मी वाचस."

सत्तरीत, याच भाऊंच्या साक्षरता वर्गात ती अक्षरं शिकली होती, आणि त्याचा तिला तोरा केवढा! बोटानं तिनं भिकुबाईचं नाव शोधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागली.

"स... मा... धा... नी. समाधानी. काही... मागणं... नाही."

बोट खाली सरकलं. पितांबर, समाधानी. सुगंधाबाई, समाधानी. मग तिचं स्वतःचं नाव. तिथंही तेच.

"भाऊ, हाई काय शे?"

"मरणाचं लिहायला हात धजेना, अक्का." भाऊंची मान खाली गेली. "जित्या माणसाबद्दल असं अभद्र कसं लिहू?"

मंजुळाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं अक्षर दिलं, त्यानंच अक्षरात फसवावं? ती डॉक्टरांकडे वळली. "मी मना कानवरी ऐकेल शे, डॉक्टर!"

"तोंडी चालत नाही, बाई. उद्या तिचा मुलगा माझ्या अंगावर आला, तर मी काय दाखवू?"

गाडीबरोबर आलेल्या दोघांनी भिकुबाईला चादरीसकट उचललं. दारापाशी तिनं मंजुळाबाईचा पदर धरला.

"लिखेल शे ना, माय?"

मंजुळाबाईला रडू फुटलं. तशीच ती फिरली आणि वही तोतारामभाऊंच्या हातात कोंबली.

"वाचा भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही जे लिखेल शे ते मोठ्यानं वाचा. तिले आजून ऐकू येस."