परण्यातला ठेका

परण्या शुक्रवार पेठेत शिरला आणि सिद्धनाथनं ड्रमच्या दोन्ही काड्या घट्ट धरल्या. पुढं बँड, मधे घोड्यावर नवरदेव, मागं ताटं घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांना लग्नाआधी मारुतीच्या पाया पडायला जायचं होतं. एवढं अंतर हात सरळ पडला की सुटलो, असं त्याला वाटत होतं. निघताना मामानं, म्हणजे बँडमास्तर जोतीरामनं, सगळ्यांदेखत बजावलं होतं, "आज हात वाकडा पडला, तर ड्रम हितंच गळ्यातनं काढायचा आन गाडी धरून जेऊरला जायचं. अक्काला काय सांगायचं ते मी बघतो."

अक्का म्हणजे सिद्धनाथची आई. जेऊरला तिच्या शेळ्या होत्या, आणि शेळ्यांना ड्रमवाला लागत नाही.

हात वाकडा झाला तो रेल्वे कॉलनीत. तिथले अँग्लो-इंडियन गार्डसाहेब, ड्रायव्हरसाहेब आणि त्यांच्या मडमा दर शनिवारी हॉलमध्ये रॉक अँड रोलवर नाचायचे. त्यांचा ड्रमवाला कायमचा ऑस्ट्रेलियाला गेला, म्हणून दिवाळीपासून सिद्धनाथला बोलावणं येऊ लागलं. मामानंच हौसेनं पाठवला होता. आपल्याकडं चारातला पहिला ठोका जोराचा, त्यावर वऱ्हाडी पाऊल टाकतात. त्यांच्यात पहिला नुसता टेकवायचा आणि दुसरा अन् चौथा हाणायचा. सुरुवातीला सिद्धनाथला डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटलं. आता सरळ वाजवलं की पानावरनं उपाशी उठल्यासारखं वाटायचं.

बोळातल्या एका दारापाशी परण्या थांबला. नवरदेवाला ओवाळायचं होतं आणि निरांजनातली वात काही केल्या पेटेना. वेळ काढायला मामानं क्लॅरिनेटवर सावकाश चाल धरली. हे थांबणंच वाईट होतं. चालताना पाय हाताला धाकात ठेवतात. थांबलं की हाताला कुणी विचारणारा उरत नाही. सिद्धनाथच्या मनगटात नुसती चुळबुळ चालली होती. त्यानं मारुतीचं नाव घेतलं, आकडे मोजले, मामाच्या पाठीवरच्या घामाच्या डागाकडं टक लावून बघितलं. त्याला आता रडायचंच तेवढं बाकी होतं.

आणि हात पडला. दुसऱ्यावर. मग चौथ्यावर.

पानाच्या दुकानापाशी उभी असलेली गिरणीतली पोरं चमकली. एकाचा गुडघा लवला, दुसऱ्याचा खांदा हलला आणि बघता बघता चार-पाचजण रस्त्यात उतरले. नाच कुणालाच येत नव्हता आणि त्याची लाजही कुणाला वाटेना. ओट्यावरच्या पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि टाचा आपटत होत्या. नवरदेवाची आत्या बजाबाई ताट घेऊन मान ताठ करून उभी होती, पण तिच्या ताटातल्या सुपाऱ्या ठेक्यावर हलत होत्या.

नवरदेवाचे वडील मानसिंगराव पुढं आले. "अवो मास्तर, ह्ये काय लावलंय? दुष्काळानं दोन वर्षं आडलेलं लगीन हाय. आता तरी सरळ लागू द्या की."

मामानं क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "काढ."

"मामा, हात आपसूक जातोय वो."

"काढ म्हनलं न्हवं."

सिद्धनाथनं पट्टा डोक्यावरून काढला. मान एकदम हलकी झाली आणि त्या हलकेपणाचीच त्याला भीती वाटली. आईनं किती विनवण्या करून त्याला या बँडात घातलं होतं.

मामानं क्लॅरिनेट त्याच्या हातात कोंबलं आणि ड्रम स्वतःच्या गळ्यात घातला. मास्तर व्हायच्या आधी पंधरा वर्षं त्यानं हाच ड्रम वाजवला होता. कॉर्नेटवाल्या धोंडीरामला त्यानं चाल धरायची खूण केली. "बघ," तो भाच्याला म्हणाला, "सरळ म्हंजी कसं आसतंय."

तेवढ्यात वात पेटली, ओवाळून झालं, घोडा हलला. मामाचा ठोका पहिल्यावर पडला, अगदी मापात. मानसिंगरावांनी मान डोलावली. नाचणारी पोरं हिरमुसून कडेला झाली. वीस-पंचवीस पावलं सगळं शिस्तीत चाललं. सिद्धनाथ क्लॅरिनेट छातीशी धरून, खाली मान घालून बाजूनं चालला होता.

बोळ वळला, धोंडीरामनं चाल उचलली, आणि सिद्धनाथच्या कानाला आधी कळलं. मामाचा पहिला ठोका जरा हलका पडला होता. पुढच्या खेपेला आणखी हलका. आणि दुसरा असा कडाडला की घोड्यानं कान टवकारले. सहा महिने मामा त्या वाकड्या हाताच्या पुढं उभा राहून वाजवत होता. शिव्या देताना कान काही बंद नव्हते.

पोरं पुन्हा रस्त्यात आली. मानसिंगराव "अवो, अवो" करत स्वतःचंच पाऊल चुकत राहिले. बजाबाईनं ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि पदर खोचला.

मामाचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग गोंधळला, मग त्याच्यावर काहीच उरलं नाही. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. तो पुसायला त्याच्याकडं हात मोकळा नव्हता.

देवळाचा कळस दिसायला लागला तसा सिद्धनाथ त्याच्याजवळ सरकला. क्लॅरिनेट काखेत मारून त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"दमला असाल मामा. द्या इकडं."

मामानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"थांब की जरा," तो म्हणाला. "देऊळ आजून लई लांब हाय."