हिरव्या भिंतीपाशी

"काका, ही झाडं खरी आहेत की प्लास्टिकची?"

प्रश्न तिचा नव्हता, मैत्रिणींच्या पैजेचा होता. शाळेच्या दारातच फरशीपासून छतापर्यंत झाडांची भिंत होती आणि तिच्यावर कधी एक पिवळं पान दिसायचं नाही. म्हणजे नक्की नकली, असं त्यांच्यातली चष्मिस छातीठोकपणे सांगत होती. आणि विचारायचं कुणी? अर्थात वक्तृत्वात पहिली आली होती तिने. नाही म्हटलं असतं, तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

शिडीवरच्या माळीकाकांनी खाली बघितलं. जरा थांबून म्हणाले, "खरी आहेत, ताई. पिवळी पानं मी शाळा भरायच्या आत काढतो."

'ताई' ऐकून मागे खसखस पिकली. असं कुणीही सांगेल, एक पान ओढून बघ, चष्मिस म्हणाली. तिने ओढलं. हातात आलं ते कापडी कप्प्यासकट अख्खं रोप. पाण्याची नळी निसटली आणि चकचकीत फरशीभर चिखल झाला.

तेवढ्यात मोठ्या बाई बाहेर आल्या. "कोणी केलं हे?"

वक्तृत्वात पहिली आलेली जीभ टाळूला चिकटली.

"माझ्याच हातून सुटलं, बाई," काका शिडी उतरत म्हणाले.

बाईंनी त्यांना पोरींसमोरच झापलं. पुन्हा असं झालं तर भिंतीसाठी दुसरा माणूस बघेन, म्हणाल्या. काका खाली मान घालून फरशी पुसत राहिले. फडकं तिच्या बुटांपाशी आलं, तशी ती मागे सरकली. चष्मिस कानात पुटपुटली, "सुटलीस बाई!"

दिवसभर तिला कुणाच्या नजरेला नजर देववेना. डबाही तसाच परत आला.

संध्याकाळी घरी आईने विचारलं, तोंड का उतरलंय? बाबाच मध्ये पडले. राहू दे, दमली असेल, म्हणाले.

त्या 'राहू दे'ने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी उद्या मोठ्या बाईंना सांगणार आहे," ती म्हणाली, "रोप मी उपटलं म्हणून."

"कसलं रोप?" आईला काही कळेना.

ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आणि उद्यापासून शाळेत मी तुम्हाला काका म्हणणार नाही, बाबा."