कपाळाला लावलेला पेढा

अन्न-औषध खात्याच्या मॅडमनी पेढ्यांची परात पुढे ओढली, तसा अब्दुल गनीच्या दुकानापुढचा मोताळ्याचा बाजार थबकला.

"घाबरू नका चाचा," मॅडम म्हणाल्या. "तक्रार आली की नमुना घ्यावाच लागतो. पंच म्हणून कोणी आहे का?"

"मी हाय ना," सायकलला रिकामे कॅन अडकवत, डोक्याला लाल रुमाल बांधलेले उत्तमराव म्हणाले.

बावीस वर्षं गनीचा पेढा उत्तमरावांच्याच दुधाचा. यंदा उन्हाळ्यात त्यांच्या दोन म्हशी आटल्या, तरी गनीचं दूध त्यांनी लिटरभरही कमी होऊ दिलं नाही. गनी हे गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगे.

सकाळचं दूध कधीचंच कढईत आटून गेलं होतं. मॅडमनी पेढ्यांच्या चार बरण्या भरून सील केल्या. खुंटीला दूध तपासायची काचेची नळी लटकत होती. तिच्यावर बोटभर धूळ.

"ही वापरत नाही?"

"भावाच्या दुधात नळी बुडवू का मॅडम?"

उत्तमरावांनी पंचाच्या जागी सही केली. गनीनं सवयीनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला, खिशात टाकला.

"खाय ना बे."

"मले साखर हाय, मालूम नाई का तुले?"

"मंग नातीले दे, छकुलीले."

"तिच्या दाताले कीड लागली."

तीन आठवड्यांनी कागद आला. पेढ्यात धुण्याच्या पावडरीचा अंश सापडला होता. बाजारात दुसऱ्या दिवशी एकही परात उठली नाही. गिऱ्हाईक दुकानावरून तोंड फिरवून जाऊ लागलं.

"कढया कोन धुते?" उत्तमरावांनी हळूच विचारलं.

"सून. मुबीना."

"पोरगी हाय गनीभाऊ. नीट इसळली नसन. मनावर नको घेऊ."

गनीनं मनावर घेतलं. मुबीना दारात उभी राहून म्हणाली, "अब्बा, मी राखेनं घासते. तीन पाण्यानं धुते. पावडर तर मी कढईले लावतच नाई."

"मंग कागद खोटं बोलते काय?"

गनीनं तिच्या हातातून घासणी घेतली आणि सांगितलं, आजपासून भट्टीकडं पाय ठेवायचा नाही. सात वर्षं त्या भट्टीपुढं तिनं डोळे लाल करून घेतले होते. पदर तोंडाला लावून ती आत गेली.

सुनावणी बुलढाण्याला होती. "चाल माह्यासंगं," गनी म्हणाला. "पंच तूच होता. दोन शब्द बोलशील."

"आलो असतो. पन छकुलीले दातवाल्या डॉक्टरकडं न्याचं हाय."

गनी एकटाच गेला. घरच्या माणसाची चूक झाली, असं त्यानं लिहून दिलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"चाचा, दुधाबद्दल काही सांगायचं आहे का?"

"दुधाले बोट नका लावू मॅडम. ते माह्या भावाचं हाय."

परवाना तीन महिन्यांसाठी बंद झाला. गनीनं सही केली. बाहेर येऊन तो ऊन डोक्यावर घेत बसस्टँडकडं चालू लागला. घरी जाऊन मुबीनाला काय सांगायचं, हेच त्याच्या डोक्यात होतं.

स्टँडाजवळच्या मिठाईच्या दुकानापुढं ओळखीचा लाल रुमाल दिसला. शेजारी छकुली. गनीच्या जिवात जीव आला. डॉक्टरकडचं आटोपून बिचारा आपल्यासाठीच आला असणार. खांद्यावर हात ठेवावा म्हणून तो मागून जवळ गेला.

"पेढा कोन्या दुधाचा हाय?" उत्तमराव दुकानदाराला विचारत होते.

"घरच्या म्हशीचं दूध, आबा. डोळ्यासमोर काढतो."

"मंग दे पावशेर."

पहिला पेढा त्यांनी छकुलीच्या तोंडात घातला, दुसरा स्वतःच्या.