दुसरी हाक

लाइट गेली तसा रामकिसन लेकीला, संस्कृतीला, गोष्ट सांगू लागला. "वाघाले लोळवणारा हामू नायक मीठ लादलेले बैल घेऊन दूरदेशाहून आला. आपल्या वेशीवर उभा राहून त्यानं हाक मारली, 'मले तुमच्या गावचा म्हणा.'"

"मंग?"

"एका हाकेले कोणी ओ देत नाई, बाई. भूत एकच हाक मारते, माणूस दोनदा मारते. त्या परदेश्याले हे ठाऊकच नव्हतं. वाट पाहून पाहून वेशीबाहेरच मेला."

दाराशी बैलांच्या घुंगरमाळा येऊन थांबल्या. "मले तुमच्या गावचा म्हणा."

थोड्या वेळानं तीच हाक पुन्हा आली.

"बाबा, दोन झाल्या," संस्कृती हळूच म्हणाली. "शिकला तो."

रामकिसननं उठून कडी लावली.

"आता तीन लागतेत."